दुसरी खरेदी

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगांव तालुक्यांत, ज्ञानगंगेच्या कांठीं, पिंपळगांव राजा नांवाचें जुनें गांव आहे. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत ह्या गांवाचा जो त्रोटक वृत्तान्त दिला आहे, त्याचा मथितार्थ इतकाच कीं, हें गांव फार पूर्वीं एका अहीर राजानें वसविलें अशी परंपरा आहे. एके काळीं तें चांगलें संपन्न होतें. १७९० सालीं गाजीखान नांवाच्या पुंडानें तें लुटलें. आणि महादजी शिंदे पुण्यास जात असतां त्यांनीं जबर खंडणी घेतल्यावर गांवाची उरलीसुरली रयाही गेली. एवढें सांगून गॅझेटियरकार पुढच्या गांवाकडे वळतो.

गांवांतून काय गेलें ह्याची नोंद अशा रीतीनें राहिली. गांवांत काय आलें ह्याची मात्र राहिली नाहीं. लुटीची तारीख सांपडते, खरेदीची सांपडत नाहीं. परंतु गेल्या दीडशें वर्षांत आपल्या लोकांच्या राहणींत आणि विचारांत जो पालट झाला, तो लुटारूंनीं केलेला नाहीं, किंवा व्याख्यात्यांनींही फारसा केलेला नाहीं. तो पुष्कळसा बाजाराच्या पिशवींतून घरांत आला, आणि तोही मीठमिरचीच्या सोबतीनें, न बोलावतां. ह्या पालटाचा माग काढावयाचा तर एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे असें आम्हांस वाटतें. नव्या वस्तूची पहिली खरेदी कांहींच सिद्ध करीत नाहीं. ती कुतूहलानें होते, स्वस्ताईनें होते, शेजाऱ्याच्या ईर्षेनें होते, कधीं देशाभिमानानेंही होते. मन पालटलें किंवा नाहीं हें कळतें तें ती वस्तु फुटल्यावर किंवा संपल्यावर, मनुष्य पुन्हां त्याच दुकानीं जातो कीं काय ह्यावरून. खरा इतिहास दुसऱ्या खरेदीचा आहे.

आतां खरेदी करावयाची तर गांठीं रोकड पाहिजे. वऱ्हाडांत ती कपाशीनें आणिली. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलें. पुढें १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे आमच्या काळ्या जमिनीकडे लागले. १८६७ सालीं मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट नागपुरास पोंचली, आणि १८७० सालीं जलंबहून खामगांवापर्यंत फांटा झाला. कापसाचे गट्ठे ह्या वाटेनें मुंबईस जाऊं लागले. आणि जी गाडी माल नेते ती रिकामी परत येत नाहीं हा व्यापाराचा साधा नियम आहे. परतीच्या गाडींतून गिरणीचें कापड आलें, आगपेट्या आल्या, सुया आल्या, आणि घासलेट आलें.

ह्या घासलेटाचीच हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे. तत्पूर्वीं वऱ्हाडांतील घराचा उजेड हा संपूर्ण गांवचा उजेड होता. वात आपल्या शेतांतल्या कापसाची, तेल शेजारच्या तेल्याच्या घाण्याचें, पणती कुंभाराची. जवस, करडई किंवा एरंडी ह्यांचें तेल जपून जाळावयाचें, दिवेलागणीनंतर जेवणें उरकावयाचीं आणि दिवा शांत करावयाचा, असा साधा क्रम असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रथम अमेरिकेंतून आणि मागाहून रशियांतील बाकूच्या खाणींतून हें नवें तेल येऊं लागलें. लोकांस तें प्रथम रुचलें असेल असें मानण्यास आधार नाहीं. त्याचा दर्प उग्र, त्याची काजळी दाट, आणि तें खाण्यास निरुपयोगी. आपल्याकडे तेल म्हणजे जें दिव्यांतही घालतां येतें व फोडणींतही घालतां येतें तें. केवळ जाळण्याकरितां तेल ही कल्पनाच नवी होती. ह्या परक्या वस्तूस लोकांनीं जीं नांवें दिलीं त्यांतही तिचें परकेपण राहून गेलें आहे. इंग्रजी ‘गॅसलाइट’चें घासलेट झालें, ‘रॉक ऑइल’चें रॉकेल झालें, आणि ज्यांस दोन्ही शब्द अवघड वाटले त्यांनीं तें जमिनींतून निघतें एवढें ऐकून त्यास मातीचें तेल म्हटलें.

तरीही लोक दुसऱ्यांदा घेण्यास गेले. उजेडाच्या मानानें तें स्वस्त पडत होतें हें एक कारण खरेंच. दुसरें कारण व्यापाऱ्यांच्याही ध्यानांत प्रथम आलें नव्हतें, तें म्हणजे डबा. अमेरिकन तेल चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून येत असे, आणि असे दोन डबे एका लांकडी खोक्यांत बसविलेले असत. १८९२ सालीं मार्कस सॅम्युएल नांवाच्या लंडनच्या व्यापाऱ्यानें ‘म्यूरेक्स’ हें तेलवाहू जहाज सुएझच्या कालव्यांतून पूर्वेकडे धाडलें. डब्यांचा खर्च वांचवून सुटें तेल स्वस्त विकावें, गिऱ्हाइकें आपलीं भांडीं घेऊन येतील, असा त्याचा हिशेब होता. गिऱ्हाइकें आलींच नाहींत! पूर्वेकडील लोकांस तेलाइतकाच, किंबहुना तेलाहून अधिक, तो रिकामा डबा हवा होता. अखेरीस सॅम्युएलास वेल्समधून पत्रा आणवून जागोजागीं डबे करण्याचे कारखाने काढावे लागले. प्रतिस्पर्ध्याचा डबा निळा, म्हणून त्यानें आपला तांबडा रंगविला. जगांतील एका बलाढ्य व्यापाऱ्यास स्वयंपाकघरानें शिकविलेला हा धडा आहे.

त्या डब्याचें घराघरांत काय झालें हें वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. त्यास कडी लावून विहिरीचें पाणी शेंदलें, झांकण बसवून डाळ आणि पीठ भरलें, माती घालून तुळस लाविली. फाटला तेव्हां तोच पत्रा ठोकून सपाट केला आणि गोठ्याच्या छपरास लाविला. तेल घेण्यास गेलेल्या मनुष्याच्या घरीं जन्माचें भांडें आलें. तेल नकोसें वाटणाऱ्यासही डबा हवासा वाटला, आणि डब्याच्या पाठोपाठ तेलाविषयींची नाराजीही ओसरली.

येथें एक गोष्ट नमूद केल्यावांचून पुढें जाणें न्यायाचें होणार नाहीं. तेल्याचा घाणा बंद पाडावा असें गांवांत कोणीही ठरविलें नव्हतें. त्याबद्दल पंचायत बसली नाहीं, कोणी त्याच्याशीं भांडला नाहीं. लग्नकार्यांत त्याचा मानपान पूर्ववत् चालू राहिला. फक्त दिव्याचें तेल त्याच्याकडून जाईनासें झालें. अनेक घरांनीं निरनिराळ्या संध्याकाळीं केलेल्या लहानशा दुसऱ्या खरेदीची ती बेरीज होती. ह्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या दिव्यानें एका घराण्याचा धंदा बुडविला, त्याच दिव्याखालीं गांवचीं मुलें रात्रीं पुस्तक घेऊन बसूं लागलीं. नफा आणि तोटा एकाच वस्तूंतून आले. फक्त ते एकाच माणसाच्या वांट्यास आले नाहींत.

पहिली खरेदी बहुधा पुरुष करी, कारण बाजारास तो जाई. दुसरीचा निकाल मात्र घरांत लागे. दिवा वापरावयाचा, त्याची काच रोज राखेनें पुसावयाची, वात कातरावयाची, सांडलेल्या तेलाचा वास हातावरून धुवून काढावयाचा, आणि पदर सांभाळून वावरावयाचें, हें सारें बायकांच्या वांट्याचें काम. ज्या वस्तूस त्यांनीं नाक मुरडलें ती फडताळांत पडून राहिली, आणि जी त्यांनीं मान्य केली ती घरांत रुजली. शिवाय किती रुजूं द्यावयाची ह्याची सीमाही त्यांनींच आंखून दिली. ओसरीवर कंदील आला, माजघरांत चिमणी आली, परंतु देवघरांतील समई तेलाची आणि निरांजन तुपाचेंच राहिलें. आज घरोघरीं विजेचा दिवा असतांही ती सीमा बहुतेक जागच्या जागीं आहे. नवी वस्तु मन पालटते हें खरें, परंतु सगळें मन पालटते असें नाहीं.

दुसऱ्या खरेदीची खरी कसोटी स्वदेशीच्या काळांत लागली. १९०५ सालीं वंगभंगानंतर बहिष्काराची लाट उठली आणि पुण्यांत विलायती कपड्यांची होळी झाली. हाडांच्या कोळशानें शुद्ध होणारी परदेशी साखर सोडण्याच्या शपथा घरोघर झाल्या. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं वर्षास माणशीं एक पैसा मागून पैसाफंड उभारिला, आणि त्याच्या पैशांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. परंतु कांच ही वस्तु मोठी निष्ठुर आहे. ती देशी असो वा विलायती, कच्ची असली म्हणजे ज्योतीच्या आंचेनें तडकते. एक तडकलेली कांच देशाभिमानानें सोसतां येते. दुसरी तडकली म्हणजे गिऱ्हाईक मुकाट्यानें परदेशी मालाकडे वळतें, आणि स्वदेशीच्या सभेसही जातच राहतें.

हें वर्म ज्यांनीं ओळखिलें त्यांत ओगले बंधूंची गणना केली पाहिजे. १९१६ सालीं त्यांनीं कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या आश्रयानें, आपला कांच-कारखाना काढिला. पुढें त्या कारखान्यांतून निघालेला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रांतल्या घराघरांत पोंचला. प्रभाकर हें त्यांच्या वडिलांचें नांव, आणि सूर्याचेंही. कंदिलास ह्याहून साजेसें नांव शोधून सांपडलें नसतें. पण तो कंदील टिकला तो नांवावर नव्हे. वाऱ्यांत तो विझत नाहीं, त्याची टांकी गळत नाहीं, कांच फुटली तर तशीच दुसरी मिळते, असा अनुभव घरांत आला तेव्हांच ‘देशी माल म्हणजे हलका माल’ ही समजूत हलली. ती हलविण्याचें काम जें शंभर व्याख्यानांस जमलें नव्हतें, तें खुंटीवर टांगलेल्या एका कंदिलानें केलें. आज तो कारखाना चालत नाहीं. त्याभोंवतीं वसलेल्या गांवाचें ओगलेवाडी हें नांव मात्र राहिलें आहे.

चहाची कथा ह्याहून मनोरंजक आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी जमली होती. व्याख्यानानंतर त्यांच्यापुढें चहाबिस्किटें आलीं. गोपाळराव जोशी ह्या अवलिया गृहस्थानें उपस्थितांचीं नांवें ‘पुणे वैभवा’ंतून प्रसिद्ध करविलीं, आणि एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, आणि टिळक-रानड्यांसारख्यांसही प्रायश्चित्ताच्या वादांत सांपडावें लागलें. वादाचें खरें कारण चहा नव्हता, तो कोणाच्या हातचा होता हें होतें. तरी एका पेल्याभोंवतीं किती ज्ञान, किती शास्त्रार्थ आणि किती शाई खर्च झाली हें पाहून आज नवल वाटतें. तो वाद कोणी जिंकला असें म्हणवत नाहीं. तो हळूहळू विसरला गेला. १९०३ च्या कायद्यानें चहावर प्रचाराकरितां कर बसला, आणि पुढें त्या पैशांतून बाजारांत व गिरण्यांत फुकट अथवा नाममात्र किंमतींत चहा पाजण्यांत आला. फुकटचा पेला ही पहिली खरेदीही नव्हे. परंतु नंतर एका पैशास मिळणारी पुडी जेव्हां गृहिणीनें वाण्याच्या यादींत आपण होऊन लिहविली, तेव्हां अर्धशतकापूर्वींचा तो शास्त्रार्थ खऱ्या अर्थानें संपला. पाहुण्याच्या हातीं कपबशी देतांना ती कोणाच्या दुकानची, हें विचारणें लोकांनीं सोडून दिलें.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो वजनदार आहे. दुसरी खरेदी नेहमींच मनाचा कौल असते काय? पहिल्या खरेदीनें जुना रस्ता बंद केला असेल तर दुसरी ही निवड नसून निरुपाय असतो. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं गेला आणि तेथून येणारें घासलेट आटलें, तेव्हां ह्याचा प्रत्यय आला. शिधापत्रावर बाटलीभर तेलासाठीं रांगा लागल्या, कारण घाण्याच्या तेलाच्या दिव्याकडे परतणें आतां सोपें राहिलें नव्हतें. म्हणून आम्ही इतकेंच म्हणतों कीं, ज्या वेळीं जुनी आणि नवी अशा दोन्ही वस्तु बाजारांत शेजारीं शेजारीं मांडलेल्या होत्या, त्या वेळची दुसरी खरेदी हा लोकमताचा पुरावा मानावा. पुढच्या खरेद्या हा केवळ संवयीचा किंवा गरजेचा पुरावा आहे. आणि गरिबीची गोष्ट आणखी निराळी. २०१६ सालीं उज्ज्वला योजना निघाली आणि लक्षावधि गरीब घरांत स्वयंपाकाचा गॅस पोंचला, तेव्हां जाणत्यांनीं विचारलें तें हेंच कीं, दुसरें सिलिंडर किती घरें घेतात? जीं घेऊं शकलीं नाहींत त्यांचें मन पालटलें नव्हतें असें कोण म्हणेल? त्यांच्या गांठीं पैसा नव्हता.

ह्या सर्वांचा इतिहास लिहिण्याची साधनें कोठें आहेत? राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें खंडामागून खंड प्रसिद्ध केलीं, तीं जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून आणि पोत्यांतून मिळविलेलीं होतीं. बुलढाण्याचे यादव माधव काळे ह्यांनीं १९२४ सालीं ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहून आपल्या प्रांताचें ऋण फेडलें. राजांच्या पत्रांस असे जपणारे भेटले. घरखर्चाच्या वह्यांस भेटले नाहींत. वाण्याची खतावणी, घरचा रोजमेळ, लग्नाच्या खरेदीची यादी, ह्या कागदांस आपण रद्दीहून अधिक किंमत देत नाहीं, आणि दर दिवाळीच्या साफसफाईंत त्यांतले कांहीं बंबांत जातात.

पिंपळगांव राजासारख्या गांवांतील ज्या घरांत असे कागद शिल्लक असतील त्यांनीं ते एकदां उलगडून पाहावे अशी आमची विनंती आहे. घासलेट, आगपेटी, कपबशी, कंदिलाची कांच ह्यांपैकीं एखादें नांव वहींत प्रथम कोणत्या सालीं येतें तें पाहावें, आणि तेवढ्यावर न थांबतां तेंच नांव दुसऱ्यांदा केव्हां येतें तेंही पाहावें. दोहोंमध्यें आठ दिवसांचें अंतर असेल, किंवा आठ वर्षांचेंही असेल. त्या मधल्या काळांत त्या घरांत काय बोलणें झालें असेल, कोणी नाहीं म्हटलें असेल आणि कोणी मन वळविलें असेल, ह्याचा अंदाज आजही घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारून बांधतां येईल. मात्र हें काम लौकर केलें पाहिजे, कारण त्या विचारण्यास उत्तर देणाऱ्या आतां थोड्याच उरल्या आहेत.