विद्युत्चुंबकीय तरंग : लायडेन ते खोडद
कापेल आन डेन आयसेल : परस्परांना लंब असलेल्या विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांच्या आंदोलनांतून पसरणारी ऊर्जा म्हणजे विद्युत्चुंबकीय तरंग. निर्वातात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. तरंगलांबीनुसार रेडिओ, सूक्ष्मतरंग, अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण व गॅमा किरण असे त्यांचे प्रकार पडतात. संदेशवहन, रडार व वैद्यकीय निदान हे उपयोग परिचित आहेत.

उदासीन हायड्रोजन २१ सेंटिमीटरचे तरंग उत्सर्जित करतो, हे भाकीत डच शास्त्रज्ञ हेंड्रिक फान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये लायडेन येथे मांडले. १९५१ मध्ये ते खरे ठरले. असे क्षीण तरंग नारायणगावजवळील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना टिपतात. मानवनिर्मित रेडिओ-गोंगाटात ते बुडून जातात. म्हणूनच पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या मूळ मार्गास हरकत घेण्यात आली.