जत्रेचे मैदान आणि त्याचे राखणदार

जुन्या जत्रांची मैदाने जपली पाहिजेत, त्यांच्यावर अतिक्रमण होऊ देऊ नये, ह्यासाठी संस्था उभ्या राहाव्यात असे म्हटले जाते. म्हणणे रास्त आहे. पण मैदान जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, आणि कुणाच्या वतीने, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. दलित समाजाने तो विचारलाच पाहिजे, कारण ह्या मैदानांशी आपले नाते इतरांसारखे सरळ कधीच नव्हते.

यवतमाळ जिल्ह्यातली वणीची रंगनाथस्वामींची जत्रा घ्या. १९०५ पर्यंत ह्या जिल्ह्याचे नावच वणीवरून 'वुन' असे होते, एवढे ह्या गावाचे महत्त्व. फाल्गुनाच्या सुमारास भरणारी ही जत्रा बैलबाजारासाठी नावाजलेली. कापसाच्या ह्या मुलखात शेतकऱ्याची सारी भिस्त बैलजोडीवर असे. तेव्हा जत्रा देवाच्या नावाने भरत असली, तरी तिचा प्राण बाजारात होता. इतिहास लिहिणारे देवाचे माहात्म्य सांगतात, बैलांच्या किमती सांगतात. मेलेले जनावर कुणी ओढून नेले, वाजंत्री कुणी वाजवली, सरपण कुणी फोडले, रात्रीचा पहारा कुणी केला, हे सांगायचे राहून जाते. गावगाड्यात ही कामे ज्यांच्या वाट्याला आली होती, त्यांना जत्रेच्या दिवशी सुटी नव्हती. उलट त्या दिवशी कामाचा बोजा वाढे.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. वऱ्हाड-मध्यप्रांतातला महार केवळ गावचा राबता नव्हता. तो जाडेभरडे कापड विणी आणि बाजारात नेऊन विकी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात त्याची नोंद आहे. गिरणीच्या कापडाने हा धंदा बसवला. म्हणजे बाजाराच्या मैदानावर आपला माणूस विक्रेता म्हणूनही उभा होता. गावात त्याची सावली मोजली जाई. बाजाराच्या गर्दीत त्याच्या कापडाचा हात मोजला जाई. हा फरक थोडा नाही. गर्दीत माणसाची जात चटकन ओळखू येत नाही, म्हणूनच जातीची राखण करणाऱ्यांना गर्दीचे भय वाटते. पण विहिरीपाशी, पंगतीपाशी, देवळाच्या पायरीपाशी गर्दी विरे आणि जात पुन्हा पुढे येई. पंढरपुरात चोखोबाची समाधी महाद्वाराबाहेर आहे. जत्रेच्या भूगोलात आपली जागा कुठे होती, हे त्या एका समाधीवरून कळते.

म्हणून पहिला लढा आत जाण्याचा झाला. यवतमाळला लागून असलेल्या अमरावतीत अंबादेवीचे देऊळ खुले व्हावे म्हणून १९२७ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. देऊळ पंचांच्या हाती होते. त्यांना विचार करायला मुदत द्यावी म्हणून सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला. पुढे १९२९ साली पुण्याची पर्वती आणि १९३० पासून नाशिकचे काळाराम मंदिर. प्रत्येक ठिकाणी गाठ पडली ती देवाशी नव्हे. जागेचा ताबा असलेल्या मूठभर विश्वस्तांशी. सार्वजनिक म्हणवणारी जागा पंचांच्या खिशात असते, हा धडा आपल्या समाजाने तिथे गिरवला.

१९५६ साली ह्या धड्याचे उत्तर मिळाले. कुणाच्या देवळात शिरण्याऐवजी आपले मैदान आपण निवडले. नागपुरात लस संस्थेजवळची मोकळी जागा. ना मूर्ती, ना पुजारी, ना पायरी. १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, भदन्त चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग त्या लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली. विदर्भ त्या दिवशी अजून मध्य प्रदेशात होता. द्वैभाषिक मुंबई राज्य दोन आठवड्यांनी आले. १६ तारखेला चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येथे दीक्षा झाली. वणीहून वर्धा नदी ओलांडली की चांदा जिल्हा सुरू होतो. ज्या मुलखाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या रंगनाथस्वामींच्या बाजाराला जात होती, त्यांच्या दारापर्यंत हे नवे मैदान आले.

नागपूरची ती जागा मोकळी राहिली ती आपोआप नव्हे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक समितीने तिथे १९६४ साली महाविद्यालय सुरू केले. स्तूपाचे काम १९७८ मध्ये सुरू झाले आणि उद्‌घाटन व्हायला १८ डिसेंबर २००१ उजाडले, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते ते झाले. तेवीस वर्षे. पण लोक स्तूपाची वाट पाहत थांबले नव्हते. दरवर्षी ते येतच होते, दसऱ्यालाही आणि १४ ऑक्टोबरलाही. भाकरी बांधून, लेकरांना घेऊन, उघड्यावर झोपून. आणि जाताना पिशवीत पुस्तके घेऊन. आपल्यातल्या काही शिकलेल्यांना ह्या सोहळ्याला जत्रा म्हटलेले खपत नाही. मला त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. नवसाच्या जागी पुस्तक आले, एवढा बदल घडवून लोकांनी जत्रेचा जुना साचा स्वतःचा करून घेतला. हे कुठल्याही ठरावाने साधले नसते.

म्हणूनच १ जुलै २०२४ चा दिवस नीट समजून घ्यावा लागतो. सुमारे दोनशे कोटींच्या विकास आराखड्यात दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळ खोदला जात होता. स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका पोहोचेल म्हणून हजारो लोक जमले; बांधकामाच्या साहित्याची मोडतोड झाली, जाळपोळ झाली. त्याच दिवशी शासनाने विधिमंडळात कामाला स्थगिती दिल्याचे सांगितले. जाळपोळीचे समर्थन करण्याची गरज नाही. परंतु लोकांचा राग का उसळला? वर्षाचे बरेच दिवस रिकामे दिसणारे मैदान शासनाला आणि व्यवस्थापकांना वाया गेलेली जमीन वाटते. लोकांच्या लेखी ते रिकामेपण हेच स्मारक आहे. तिथे बसायला, निजायला, जमायला जागा उरली नाही, तर स्तूप उरूनही दीक्षाभूमी उरत नाही. १९२७ मध्ये आपण परक्या पंचांना विचारले होते की जागा कुणाची. २०२४ मध्ये तोच प्रश्न आपल्या माणसांना विचारावा लागला. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे, हे आपल्या घरातही सांगावे लागते, ही कडू गोष्ट आहे.

जिल्ह्यातल्या जुन्या जत्रांचे राखणदार कुणी होणार असतील, तर त्यांनी कुंपण घालण्याआधी नोंदवही उघडावी. बैलबाजाराचे दाखले ठेवतात तसे, राबणाऱ्यांचे दाखलेही त्या वहीत यावेत: कुठल्या विहिरीवर कुणाला मनाई होती, वाजंत्रीला मोल काय मिळे, विणकर आपले कापड कुठे मांडीत. आणि नागपूर-चांद्याच्या मैदानांसाठी वही आणखी घाईने उघडायला हवी. वणी, पांढरकवडा, दारव्हा, पुसद ह्या भागांतून १९५६ साली कोण गेले, कसे गेले, बैलगाडीने की पायी, शिदोरीत काय होते, परतल्यावर घरातले देव कुठे विसर्जित केले. आईबापांचे बोट धरून तेव्हा गेलेली दहा वर्षांची पोरे आज ऐंशीच्या घरात आहेत.