मोबाइल वाक्-अभिज्ञान : कंपन्यांची स्पर्धा

बोललेले शब्द ओळखून त्यांचा मजकूर किंवा आज्ञा बनवणारे फोनवरील तंत्र. यातील चढाओढ २००७ पासून तीव्र झाली. मायक्रोसॉफ्टने टेलमी नेटवर्क्स ही आवाजी सेवांची कंपनी घेतली. गूगलने अमेरिकेत व्यवसायांचे दूरध्वनी क्रमांक सांगणारी ‘गूग-४११’ सेवा सुरू केली. ती फुकट होती, पण धर्मादाय नव्हती : तऱ्हेतऱ्हेच्या आवाजांचे नमुने हीच तिची खरी कमाई. २०१० मध्ये ती बंद झाली. तत्पूर्वी २००८ मध्येच गूगलचा आवाजी शोध आयफोनवर आला होता. अ‍ॅपलने २०१० मध्ये सिरी ही आवाजी साहाय्यिका विकत घेऊन २०११ च्या आयफोन ४एसमध्ये बसवली. सिरीत बोलणे ओळखण्याचे काम मात्र न्युआन्स या वाक्-अभिज्ञान कंपनीच्या यंत्रणेकडे होते आणि पुढे, २०२२ मध्ये, हीच न्युआन्स सुमारे १,९७० कोटी डॉलरच्या व्यवहारात मायक्रोसॉफ्टकडे गेली. तोवर मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे आवाजी साहाय्यक कोर्टाना फोनवरून हद्दपार झाले होते.

तांत्रिक कलाटणी २०१२ च्या सुमारास मिळाली. आवाजांच्या नमुन्यांवरून शिकणाऱ्या सखोल न्यूरल जाळ्यांमुळे चुका लक्षणीय घटल्या, तशी आवाजांच्या साठ्याची किंमतही वाढली. मोठ्या कंपन्यांचे पारडे जड झाले ते त्यामुळे. मराठीत बोलून टंकन करण्याची गूगलची सोय २०१७ मध्ये आली.