खुलाशापासून छापखान्यापर्यंत : नगर जिल्ह्यातील ‘दीनमित्र’

जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या परिभाषेत ‘खुलासा’ या शब्दाला ठरावीक अर्थ होता. आपल्याविषयी छापून आलेला मजकूर चुकीचा किंवा अपुरा आहे असे ज्याला वाटे, त्याने संपादकांना लिहिलेले आणि संपादकांच्या मर्जीने छापले जाणारे, काटछाट होऊन आतल्या पानात जाणारे किंवा मुळीच न छापले जाणारे पत्र म्हणजे खुलासा. या व्याख्येतील ‘मर्जी’ हा शब्दच कळीचा आहे, कारण दुरुस्तीचा अधिकार ज्याने चूक केली त्याच्याकडेच राहत असे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात जे घडले त्याचे वेगळेपण या व्यवस्थेच्या संदर्भातच कळते. कारण तेथे एका संस्थेच्या अनुयायांनी आपल्या कार्याविषयीच्या विपर्यस्त बातम्यांवर खुलासे धाडत बसण्यापेक्षा खेड्यातच आपले वृत्तपत्र उभे केले आणि ते अर्धशतकाहून अधिक काळ चालवले.

वृत्तपत्र ही वस्तू जिल्ह्याला नवी नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक जून १८४२ मध्ये अहमदनगरहूनच सुरू झाले आणि पुढे मुंबईला गेले. त्यातील लेखनाला उत्तर देण्यासाठी मुंबईत मोरभट दांडेकरांनी १८४४ मध्ये ‘उपदेशचंद्रिका’ काढली, म्हणजे ‘त्यांनी आमच्याविषयी खोटे छापले, म्हणून आम्ही आमचे छापतो’ हा क्रम मराठीत फार लवकर रूढ झाला होता. मात्र हा वाद शिकलेल्यांचा शिकलेल्यांशी होता. ज्या कुणब्यामाळ्यांच्या गावांभोवती तो चालला, त्यांचे त्यात नाव नव्हते.

ते नाव छापील कागदावर येऊ लागले ते सत्यशोधक समाजामुळे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या या समाजाचे मुख्य काम म्हणजे धर्मविधीतील मध्यस्थाची गरज नाकारणे, आणि त्याचे सर्वांत ठळक प्रत्यक्ष रूप म्हणजे भटजीवाचून लावलेली लग्ने. पुण्याच्या सुशिक्षित वर्तुळात या कामाची दखल घेतली जाई ती दोन प्रकारांनी: एक तर मौनाने, नाही तर उपहासाने. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यातील व्याकरणाच्या चुका पुढे केल्या. एखाद्या चळवळीचे काम काय आहे या प्रश्नाला तिची भाषा अशुद्ध आहे असे उत्तर देणे, हा चुकीच्या वृत्तांकनाचा सर्वांत सोयीचा प्रकार म्हटला पाहिजे. त्यात खोटे असे काहीच छापावे लागत नाही.

यावर पहिला उपाय केला तो कृष्णराव भालेकरांनी. भांबुर्ड्याच्या या सत्यशोधक कार्यकर्त्याने १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक सुरू केले. पैशाच्या ओढाताणीमुळे ते त्यांच्या हातून फार काळ चालले नाही, आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत पुन्हा उभे केले. आपले पत्र असले म्हणजे आपले सारे छापले जातेच असेही नाही, हे याच पत्राने दाखवून दिले. फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे छापल्यावर ‘दीनबंधू’ने पुढची थांबवली, आणि ही गोष्ट फुले यांना चांगलीच झोंबली. चळवळीच्या इतिहासकारांनी हा प्रसंग दडवलेला नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

नगर जिल्ह्याचा धागा येथे जुळतो. नेवासे तालुक्यातील तरवडीच्या पाटील घराण्यातील गणपतराव सखाराम पाटील यांनी १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ नावाचे मासिक काढले होते, पण ते अल्पजीवी ठरले. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव (१८८५–१९६७) याच घराण्यात दत्तक गेले, आणि जन्मदात्याचा वृत्तपत्राचा वारसा व दत्तक घराण्याचे नियतकालिकाचे नाव या दोहोंचा संगम करून त्यांनी २३ नोव्हेंबर १९१० रोजी सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ नव्याने सुरू केले. भालेकरांचे निधन त्याच वर्षी झाले होते. पुढे पत्राचे बिऱ्हाड तरवडीला हलले आणि तेथेच स्थिरावले.

१९१० हे वर्ष वृत्तपत्र काढण्यास सोयीचे मुळीच नव्हते. त्याच वर्षी सरकारने केलेल्या छापखाना कायद्याने नव्या छापखान्याच्या मालकाकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला होता, आणि आक्षेपार्ह मजकूर छापल्यास तो जामीन जप्त होऊ शकत असे. त्यातून खेड्यात पत्र चालवणे म्हणजे शिशाचे खिळे एकेक जुळवून मजकूर बसवणारा माणूस गावात टिकवणे, कागद आणि शाई शहरातून आणवणे, आणि वर्गणीसाठी अशा वाचकावर अवलंबून राहणे की ज्याच्या हाती रोख पैसा सुगीनंतरच येतो. नगर जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत सुगीचीही खात्री नसे. हे सारे लक्षात घेतले तर पत्र चालले याचेच आश्चर्य वाटते. ते संपादकाच्या हयातीअखेर चालले, ही गोष्ट तर मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात अपवादात्मक आहे.

‘दीनमित्र’ने काय छापले, यापेक्षा ते कोठून छापले याला कदाचित अधिक महत्त्व आहे. गावातील जोशी आणि कुलकर्णी यांची वतने, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे हक्क व त्यांवरील उत्पन्न, हे या पत्राचे नेहमीचे लक्ष्य होते. कुलकर्णी हा गावाचे दप्तर सांभाळणारा, म्हणजेच गावाविषयी जे काही लिहिले जाई ते लिहिणारा. मुकुंदरावांनी १९१३ मध्ये ‘कुलकर्णी लीलामृत’ हे उपहासकाव्य प्रसिद्ध केले, तेव्हा ज्याच्या लेखणीवर गाव चाले त्याच्यावर गावानेच लेखणी उगारली असे झाले. जी सत्यशोधक लग्ने, सभा आणि परिषदा पुण्यामुंबईच्या पत्रांत एका ओळीपुरत्याही ठरत नसत, त्यांना येथे जागा मिळाली. अशी बातमी म्हणजे नुसता प्रचार नव्हे. गावात बहिष्काराची भीती असलेल्या कुटुंबाला ती छापील साक्ष होती.

तथापि ‘दीनमित्र’ निःपक्षपाती होते असा दावा करणे चुकीचे ठरेल. त्याची भाषा बोचरी होती, प्रतिपक्षाला संशयाचा फायदा देण्याची त्याला सवय नव्हती, आणि विरोधकांच्या चुका जितक्या तत्परतेने ते दाखवी तितक्या तत्परतेने स्वपक्षाच्या नाही. दुरुस्ती करणारा हाही एक पक्षकारच असतो. परंतु दोन पक्षकारांपैकी एकाचीच बाजू छापली जात असेल, तेव्हा दुसऱ्याने आपली बाजू छापणे ही वाचकाच्या हिताचीच गोष्ट असते.

या पत्राची योग्यता समकालीनांनी ओळखली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात, बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या मोजक्या पत्रांची नावे दिली, त्यांत ‘दीनमित्र’ आहे. त्याच ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिल्याचे आंबेडकरांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’मधून नमूद केले. जेथे पैसे मोजूनही जाहिरात छापली जात नाही, तेथे फुकटचा खुलासा कोण छापणार?

चुकीचे वृत्त श्रेयाच्या नोंदीतही शिरते. त्यावरून होणारे वाद खेळाच्या जगालाही परिचित आहेत, आणि तुलनेसाठी कलकत्त्याचे उदाहरण उपयोगी पडते. ‘दीनमित्र’ आठ महिन्यांचे असताना, २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान या फुटबॉल संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. अनवाणी अकरा जणांनी बूट घातलेल्या गोऱ्यांना हरवले असे तेव्हापासून लिहिले जाते. वस्तुतः दहा जण अनवाणी होते आणि सुधीर चटर्जी बूट घालून खेळले. गोऱ्या लष्करी संघावरचा हा पहिलाच हिंदी विजय, असेही सर्रास छापले जाते. परंतु शोभाबाजार क्लबने १८९२ मध्येच ट्रेड्स कप स्पर्धेत ईस्ट सरे रेजिमेंटला हरवले होते. लोकप्रिय बातमी गोल आकडा आणि ‘पहिला’ हा शब्द पसंत करते. तिच्यात शोभाबाजारचे नाव गळते आणि एक जोडी बूटही.

‘दीनबंधू’च्या नशिबी हेच आले. जयंती-पुण्यतिथीच्या पुरवण्यांत हे पत्र कधी फुले यांनी, तर कधी लोखंडे यांनी सुरू केल्याचे छापले जाते, आणि ‘दीनमित्र’च्या १८८८ व १९१० या दोन जन्मांची सरमिसळ होते. फुले आणि लोखंडे यांची थोरवी इतकी स्वयंसिद्ध आहे की तिला उसन्या श्रेयाची गरज नाही. लोखंड्यांनी पत्र वाढवले, फुल्यांनी त्यामागची चळवळ उभारली, पण पहिला अंक काढून कर्ज अंगावर घेतले ते तिसऱ्याच माणसाने. पुढच्या पुरवणीत या पत्राविषयी लिहिणाऱ्यांनी कृष्णराव भालेकर, पुणे, १ जानेवारी १८७७ एवढे तीन तपशील तरी बरोबर छापावेत. आणि ते चुकले तर वाचकांनी संपादकांना खुलासा पाठवावा.