घोड्याला आवरणारा स्टॅनली डान्सर

आपल्या सीमाभागातल्या जत्रांत घोडागाडीच्या शर्यती पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. घोडा जितका सुसाट, तितकी गर्दी खूश, एवढेच आम्हाला ठाऊक. म्हणूनच अमेरिकेतल्या गाडीशर्यतीचा नियम वाचून नवल वाटले. तिथे हलकी दुचाकी गाडी असते, तिला सल्की म्हणतात. आणि घोड्याने चौखूर उधळायचेच नाही! एकतर दुडक्या चालीने धावायचे, नाहीतर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत. चाल मोडली की गाडीवानाने लगाम खेचून घोडा पुन्हा चालीवर आणायचा. तोवर बाकीचे पुढे निघून जातात. म्हणजे खरी परीक्षा घोडा तयार करणाऱ्याची.

या विद्येतला मोठा माणूस स्टॅनली डान्सर. १९२७ साली न्यू जर्सीत शेतकऱ्याच्या घरी जन्मला. घोडे शिकवायचा तोच आणि हाकायचा तोच. १९६४ साली एका वर्षात दहा लाख डॉलरची बक्षिसे जिंकणारा तो पहिला गाडीवान ठरला. नेवेल प्राइड, मोस्ट हॅपी फेला आणि सुपर बोल या त्याच्या तिन्ही घोड्यांनी तिहेरी मुकुट मिळवला. यातला नेवेल प्राइड महातापट, चावरा. पण १९६९ मध्ये त्याने दुडक्या चालीचा एकतीस वर्षांचा विक्रम मोडला.

आमचे मन मात्र रमते ते कार्डिगन बेच्या हकिकतीत. हा न्यूझीलंडचा घोडा. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला त्याच्या कंबरेला जबर मार बसला; आता हा पळत नाही, असेच लोक धरून चालले. तोच घोडा १९६४ मध्ये एक लाख डॉलरला विकला जाऊन डान्सरच्या हाताखाली आला. वय आठ वर्षे! आपल्याकडे बाजारात अशा जनावराचे दात पाहून लोक पुढे गेले असते.

मे १९६६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्स मैदानावर त्याची गाठ पडली चार वर्षांच्या ब्रेट हॅनोव्हरशी. तो त्या काळचा अमेरिकेचा लाडका घोडा. पंचेचाळीस हजारांवर माणसे जमली होती. दहा वर्षांचा, कंबर दुखावलेला कार्डिगन बे जिंकला. पुढे १९६८ मध्ये, बाराव्या वर्षी, फ्रीहोल्डच्या मैदानावर त्याची एकूण कमाई दहा लाख डॉलरवर गेली. गाडीशर्यतीच्या कोणत्याही घोड्याने तोवर एवढे कमावले नव्हते. त्या दिवशीही लगाम डान्सरच्याच हाती होता. नंतर घोडा न्यूझीलंडला परत गेला. डान्सर २००५ मध्ये वारला.