भिंतीवरच्या शिपायाचे नाव काय?

भोसरी, मोशी, चिखली, चाकण या गावांत गेल्या चार-पाच दशकांत जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहिल्या. घर पाडण्याआधी सामान निघते. उपयोगाचे ते नव्या जागेत जाते आणि उरलेले भंगारवाल्याच्या हातगाडीवर. या उरलेल्यात कधी कधी काचेच्या चौकटीतला एक फोटो असतो : लष्करी पोशाख, छातीवर पदके, पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या, मागे रंगवलेला पडदा. घरातल्यांना विचारले तर उत्तर मिळते, “आजोबांचे कुणीतरी होते. लढाईत होते म्हणे.”

असाच एक फोटो आम्ही काही वर्षांपूर्वी एका गाडीवरून घेतला. भंगारवाल्याने लाकडाचे आणि काचेचे पैसे लावले. फोटोचे काहीच धरले नाही. फोटोखालच्या पुठ्ठ्यावर बहुधा स्टुडिओचे नाव असावे, पण तो भाग कसरीने खाल्लेला. मागची बाजू कोरी. हा माणूस कोण, हे शोधायचे असे आम्ही ठरवले. त्या शोधात जे हाती आले आणि जे आले नाही, ते दोन्ही शिक्षकमित्रांना उपयोगी पडेल असे वाटते.

फोटो वाचायचा कसा?

पहिले साधन म्हणजे साधे भिंग. दंडावर दोन फिती दिसल्या, म्हणजे हा नाईक. एक फीत असती तर लान्सनाईक, तीन असत्या तर हवालदार. खांद्यावरच्या पितळी बिल्ल्यावर ११७ हा आकडा वाचता आला. इथे इतिहास मदतीला येतो. १९०३ साली लॉर्ड किचनेर यांनी हिंदी सैन्यातील पलटणींना नवे क्रमांक दिले आणि जुन्या मुंबई सैन्याच्या पायदळ पलटणी शंभराच्या पुढे गेल्या. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना होऊन ११७वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली. म्हणजे हा बिल्ला १९०३ ते १९२२ या काळातला.

आकडा १११ असता तर काळ आणखी नेमका ठरला असता. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभारली गेली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट त्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली.

आता पदके. आमच्या नाईकाच्या छातीवर तीन पदके आहेत : पहिले ताऱ्याच्या आकाराचे, पुढची दोन गोल. तारा म्हणजे ‘१९१४-१५ स्टार’. ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी जो युद्धक्षेत्रात पोचला त्यालाच तो मिळे. गोल पदकांपैकी एक ब्रिटिश वॉर मेडल, दुसरे व्हिक्टरी मेडल. ही दोन्ही १९१९ मध्ये जाहीर झाली. तेव्हा फोटो १९१९ नंतरचा, आणि बिल्ला जुना असल्याने बहुधा १९२२ च्या आतला. ‘बहुधा’ म्हणायचे कारण असे, की पेन्शनीत निघालेला माणूस जुना पोशाख चढवून नंतरही फोटो काढून घेऊ शकतो.

रंगांची फसवणूक

पदकांच्या फिती ओळखताना आम्ही आधी फसलो. १९१४-१५ स्टारची फीत तांबडी, पांढरी आणि निळी असते. आमच्या फोटोत मात्र एक कड काळी आणि बाकीची फीत जवळजवळ पांढरी. हे दुसरेच पदक असेल का?

दोष फितीचा नव्हता, काचेचा होता. चांदीच्या ज्या क्षारांवर जुने छायाचित्रण उभे आहे ते मुळात निळ्या, जांभळ्या आणि अतिनील किरणांनाच दाद देतात. तांबड्या प्रकाशाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. म्हणून तर डार्करूममध्ये तांबडा दिवा चाले. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने क्षारांत विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काचेला हिरवा-पिवळा प्रकाशही ‘दिसेल’ असे केले. सर्व रंगांना दाद देणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या, पण साध्या स्टुडिओंत जुन्या काचा पुढेही पुष्कळ वर्षे चालल्या. अशा काचेवर निळा रंग पांढुरका उतरतो आणि तांबडा काळा. जुन्या फोटोतला काळपट फेटा प्रत्यक्षात तांबडा किंवा केशरी असू शकतो. फोटो खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो. तो त्याच्या रसायनाला जे दिसले तेवढेच सांगतो.

कुठवर सांगता येते?

११७वी मराठा पलटण ‘सहाव्या पुणे डिव्हिजन’मध्ये होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही डिव्हिजन इराणच्या आखातातून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरू लागली. बसरा घेऊन ती बगदादच्या रोखाने गेली, पण टेसिफोनच्या लढाईनंतर मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे वेढली गेली. वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती कैद झाली. वाळवंटातल्या वाटचालीत आणि छावण्यांत त्यांतली हजारो मेली.

आमचा नाईक कुतमध्ये होता का? पलटण होती, एवढेच म्हणता येते. तो आधी जखमी होऊन परतला असेल, किंवा कैदेतून सुटून आला असेल. फोटोवरून हे ठरत नाही, आणि जे ठरत नाही ते ठरवून टाकायचे नाही. तो जिवंत परतला, एवढे मात्र नक्की.

आणि इथेच शोध अडला. मेलेल्यांच्या याद्या आहेत. दापोडीहून मुळा नदी ओलांडली की खडकीचे युद्धस्मारक आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत, शिवाय पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मरण पावलेल्या १,८००हून अधिक सैनिकांची नावे आहेत. पण मेलेल्यांतही भेद झाला. मेसोपोटेमियात मेलेल्या ४०,०००हून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारले, तेव्हा भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या हिंदी शिपायांची केवळ संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध करून अशा असमानतेबद्दल माफी मागितली.

आपल्या गावांतही तीच तऱ्हा दिसते. पुणे, सातारा आणि कोकणातील अनेक गावांत संगमरवरी पाट्या आहेत : या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. पाटीवर आकडे आहेत, नावे नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचा आकडा ४६ आहे.

जे परतले त्यांचा माग तर अधिकच अवघड. पंजाबातील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्या संगणकावर आणून २०२१ मध्ये खुल्या होऊ लागल्या. आपल्याकडच्या शिपायाचे नाव शोधायचे तर पुष्कळदा घरातच शोधावे लागते. पहिल्या महायुद्धाच्या पदकावर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे : गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या पाठीवर. पण वॉर मेडल चांदीचे. अडीअडचणीत ते सोनाराकडे जाई आणि नावही वितळून जाई.

वर्गात काय करता येईल?

आठवी-नववीच्या मुलांना सांगावे : घरी, आजोळी, शेजारी लष्करी पोशाखातला जुना फोटो आहे का, पाहा. असल्यास आधी चौकटीसकट मोबाइलवर त्याचा फोटो घ्या. काच काढण्याची घाई नको; पावसाळी दमटपणाने जिलेटिन मऊ होऊन काचेला चिकटलेले असते, ओढले तर चेहराच निघून येतो. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, ओल्या फडक्याने पुसू नये. भिंगातून फिती, बिल्ला आणि पदके पाहून वहीत दोन रकाने करावेत : ‘दिसते ते’ आणि ‘वाटते ते’. विज्ञानाच्या प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान आपण वेगळे लिहितो, तसेच हे.

मग घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे. नाव, गाव, नाते, पलटण, जे आठवेल ते लिहून घ्यावे. फोटो सुटा असेल तर पाठीमागे कडेला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेन वापरू नये; त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई पाझरते. फोटो चौकटीत असेल तर कागदावर लिहून तो चौकटीच्या मागे लावावा.

आमच्या नाईकाचा हुद्दा, पलटण आणि काळ आम्हांला शोधता आला. नाव आला नाही, कारण ते ज्यांना ठाऊक होते त्यांना कुणी वेळेवर विचारले नाही. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी विचारण्याजोगे माणूस अजून आहे. या दिवाळीच्या सुट्टीत त्याला ते काम द्यावे.