शमादानांवरचे ठसे

डहाणूच्या एका घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो असता यजमानांनी पेटीतून चांदीची दोन शमादाने काढली. आजोबांनी ती मुंबईच्या लिलावात घेतलेली. घरात लग्न निघाले होते आणि सोनार वजनावर भाव करणार होता. तलासरीच्या पाड्यांवर पालथ्या वाटीवर मेणबत्ती चिकटवून मिस्सा अर्पण करणाऱ्या माझ्यासारख्याला चांदीचे कौतुक अंमळ जास्तच! मी ती उजेडात धरली. बैठकीच्या काठावर चार बारीक ठसे होते : चालता सिंह, मुकुट, एक अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे.

सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. इंग्लंडमध्ये हा ठसा १५४४ पासून आहे. अक्षर वर्षाचे. मुकुट शेफील्डचा, त्या शहराला चांदी पारखून ठसा मारण्याचा अधिकार १७७३ साली मिळाला. कारागिराने आपली खूण उमटवलीच पाहिजे, हा कायदा मात्र १३६३ चा. हेतू फसवणूक पकडण्याचा. पण त्यामुळे कारागिरांची नावे टिकली.

पॉल द लामेरी हे त्यांतले मोठे नाव. चौदाव्या लुईने १६८५ साली फ्रान्समधील प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. हजारो कुशल हात देशोधडीला लागले. लामेरीचे आईवडीलही फ्रान्स सोडून गेलेले प्रोटेस्टंटच. १६८८ साली हॉलंडमध्ये जन्मलेले हे मूल लंडनमध्ये वाढले आणि १७१३ मध्ये त्याने स्वतःची खूण नोंदवली. त्या काळी शमादाने भरीव ओतकामाची असत. दांडा दोन उभ्या अर्ध्या भागांत ओतून सांधत. पुढे शेफील्डकरांनी पातळ पत्रा साच्यात दाबून आत लोखंडी सळई आणि राळ भरण्याची युक्ती काढली. यजमानांची जोडी त्याच जातीची. तेव्हा वजनात चांदी किती आणि राळ किती, हे सोनाराला आधी विचारा, असे मी त्यांना सांगितले.

एका कॅथलिक राजाच्या असहिष्णुतेने इंग्लंडची चांदी उजळली, हे लिहिताना संकोच वाटतो. पण आपल्या घरचा इतिहासही तपासला पाहिजे. १५६७ च्या गोव्याच्या प्रांतिक धर्मपरिषदेने ठरवले की, ख्रिस्ती माणसाने बिगरख्रिस्ती सोनाराकडून क्रूस, पेले, शमादाने घडवून घेऊ नयेत. १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकेपर्यंत डहाणूचा किनाराही पोर्तुगीजांकडेच होता आणि धर्मकारभार गोव्याहूनच चाले. नियम झाला, पण पाळणार कसा? उत्तम हात हिंदू सोनारांचेच होते. त्यांच्यातल्या रावळू नावाच्या कारागिराला तर राजा मानुएलच्या कामासाठी १५१८ च्या सुमारास लिस्बनपर्यंत नेले होते. बंदीनंतरही देवळांची चांदी त्यांच्याच भट्टीतून येत राहिली. फक्त उघडपणे सांगायचे नाही, एवढेच.

संत फ्रान्सिस झेवियरचे पवित्र अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत, ती १६३६-३७ साली गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. बॉम जेझूच्या महामंदिरात जाऊन आपण तिच्यापुढे गुडघे टेकतो. शेफील्डच्या एका किरकोळ कारखानदाराची आद्याक्षरे डहाणूच्या पेटीत सुखरूप आहेत. त्या पेटीवर राबलेल्या हातांची नावे मात्र आपल्यापैकी कुणाला सांगता येतील?

यजमानांनी जोडी विकली नाही. लग्नाच्या मिस्सेला ती वेदीवर होती. मेणबत्त्या किंचित तिरक्या बसल्या होत्या.